दोन गोवे

कुवेतला आले तेव्हा विमानाबद्दल मला एवढंच ठाऊक होतं, की खिडकीची जागा हवी असेल तर आधी मागून ठेवावी लागते. नवऱ्याची नोकरी अहमदीच्या रिफायनरीत. मुलगी शाळेत रुळली, घरात मराठीत विचारलेल्या प्रश्नांना इंग्रजीत उत्तरं देऊ लागली, तेव्हा मलाही घराबाहेर पडावंसं वाटलं. शर्कमधल्या एका एअर कार्गो कंपनीत कागदपत्रांचं काम मिळालं. मासळीबाजाराच्या मागच्या बाजूला, सहाव्या मजल्यावर ऑफिस होतं. माझ्या टेबलाशेजारी एसीचं पाणी गळायचं. त्याखाली एक बादली असे, आणि ती भरली की रिकामी करायचं काम हळूहळू माझ्याकडे आलं.

पहिल्याच दिवशी साहेबांनी दोन कागद समोर ठेवले. साहेब केरळचे, बोलणं मोजकं. कागदांवर विमानतळांचे तीन अक्षरी कोड होते. "पाठ करा," ते हिंदीत म्हणाले, "बाकी सगळं आपोआप येईल."

मी पाठ केले. मुंबईचा बीओएम, कुवेतचा केडब्ल्यूआय हे सोपे. पुण्याचा पीएनक्यू, त्यातला क्यू कुठून आला देव जाणे. आणि माझ्या नाशिकचा आयएसके. पहिलं अक्षरच गायब. जन्म नाशिकमध्ये गेला आणि हे कळायला कुवेतला यावं लागलं.

याशिवाय चार अक्षरी कोडही असतात. ते वैमानिकांचे आणि कंट्रोल टॉवरचे. या देशातल्या विमानतळांचे चार अक्षरी कोड 'ओके' या अक्षरांनी सुरू होतात. मुख्य विमानतळाचा तसा, आणि हवाई दलाच्या तळांचेही तसेच. तळावर जाणाऱ्या आमच्या मालात सांगण्यासारखं काही नसे. एसीचे सुटे भाग, मुदपाकखान्याचे फ्रीज, रंगाचे डबे. आमचा ड्रायव्हर फाटकाबाहेर थांबे, आतून दुसरी गाडी येई आणि माल घेऊन जाई. तळ आतून कसा आहे हे आमच्यापैकी कुणीच पाहिलेलं नव्हतं. त्या खोक्यांवर मात्र 'ओके'ने सुरू होणारा कोड लिहावा लागे, आणि तो लिहायचे मेस्त्री.

मेस्त्री आमच्या सुलैबियाच्या शेडमध्ये लाकडी खोकी बनवायचे. सावंतवाडीच्या बाजूचे, साठीच्या आसपासचे. ऐन उन्हाळ्यातही पूर्ण बाह्यांचा शर्ट गळ्यापर्यंत बटणं लावून घालणारे. शाळा तिसरीपर्यंत. इंग्रजी वाचता येत नव्हतं, पण कोड येत होते. खोक्यावर अक्षरं उमटवायला पत्र्याचे छाप होते, ते त्यांना आवडत नसत. छापाखाली रंग पसरतो म्हणायचे. कागद समोर ठेवून ते ब्रशने एकेक अक्षर काढायचे. साइनबोर्डवाल्याला लाज वाटावी असं अक्षर. कितीतरी वर्षं त्यांची अशी समजूत होती, की तळाच्या खोक्यांवरचं 'ओके' म्हणजे आपलं काम पास झाल्याचा शेरा. ड्रायव्हरने खरं सांगितलं तेव्हा ते दोन दिवस त्याच्याशी बोलले नाहीत.

आमची ओळख फोनवरच झाली. कागदावरचं काही लागलं नाही की ते ड्रायव्हरला फोन लावायला सांगत आणि मग स्वतः बोलत. पहिल्यांदा 'म्याडम' म्हणाले. मी मराठी आहे कळल्यावर 'बाय' म्हणू लागले.

"बाय, ह्या एफआरए खंय इला?"

"फ्रँकफर्ट. जर्मनीत आहे."

"हां. थंय लाकूड बरा गावता. त्येंची खोकी उघडतंय तेव्हा कळता."

जगाची त्यांची माहिती ही अशी होती. कुठल्या कोडवरून कसलं लाकूड येतं, कुठला कोड असला की खिळे वाकडे मारलेले असतात, आणि कुणाची खोकी दोनदा वापरता येतात.

दुसऱ्या महिन्यात मला आणखी एक तीन अक्षरी कोड शिकावा लागला. तो कुठल्या गावाचा नव्हता. मालाचा प्रकार लिहायच्या रकान्यात तो लिहितात. एचयूएम. मृतदेह असला की हा कोड. इथे माणूस गेला की त्याच्या कंपनीचा मंदूब, म्हणजे सरकारी कचेऱ्यांतून कागद फिरवणारा माणूस, सगळे दाखले गोळा करतो आणि आमच्यासारख्या ऑफिसात येतो. शवपेटीला बाहेरून लाकडी पेटी लागते, ती मेस्त्री करत. ते काम शेडमध्ये दुसऱ्या कुणाला देत नसत. त्या अक्षरांचा उच्चार ते 'हम' असा करायचे. "आज एक हम आसा," एवढंच म्हणत आणि त्या दिवशी रेडिओ बंद ठेवत.

मला सुरुवातीला त्या फाइली हातात घ्याव्याशा वाटत नसत. वर्षभराने त्याही इतर फाइलींसारख्या झाल्या. हे मी अभिमानाने सांगत नाही, पण लपवण्यातही अर्थ नाही. पासपोर्ट रद्द झाल्याचा शिक्का, दूतावासाचं पत्र, मृत्यूचा दाखला, बाहेरच्या पेटीची मापं. यादीवर खुणा करत जायचं.

तो गुरुवार होता. इथे शुक्रवार-शनिवार सुटी, त्यामुळे गुरुवारी सगळ्यांनाच घाई. सकाळी एक मंदूब आला आणि त्याच्याबरोबर तिशीतला एक माणूस. मेलेल्याचा चुलतभाऊ. मेलेला चव्वेचाळीस वर्षांचा, टाइल्स बसवणारा. सबाह अल-सालेममध्ये एका खोलीत पाचसहा जण राहत. गेल्या शुक्रवारी दुपारी जेवून झोपला तो उठलाच नाही. कागद जमवण्यात सहा दिवस गेले होते. चुलतभाऊ आपलं सिव्हिल आयडीचं कार्ड हातात धरूनच बसला होता. कुणी मागितलं नव्हतं तरी ते त्याने खिशात ठेवलं नाही.

"कुठल्या विमानतळावर पाठवायचं?" मी विचारलं.

"गोव्याक," तो म्हणाला. "जवळ पडता."

मी जीओआय लिहिलं. कित्येक वर्षं गोवा म्हणजे जीओआयच लिहीत आले होते. शुक्रवारी सकाळी पोचणाऱ्या विमानात जागा मिळाली, मधे मुंबईला बदलून. मी मंदूबला शवागाराची वेळ सांगितली, मेस्त्रींच्या शेडला कागद धाडला आणि पुढची फाइल ओढली. चुलतभाऊ म्हणाला, पेटी बघायला जाऊ का? मी म्हटलं, जा की. ड्रायव्हर निघालाच होता, त्याच्याबरोबर तो गेला.

अकराच्या सुमारास फोन आला. या वेळी ड्रायव्हर मधे नव्हता. मेस्त्रींनी स्वतःच्या फोनवरून लावला होता.

"बाय, मी मेस्त्री."

"बोला. पेटी निघाली का?"

"नाय. पेटी तयार आसा. कागदार जीओआय आसा."

"हो, गोवा."

"खंयचो गोवा?"

माझ्यासमोर तीन फाइली उघड्या होत्या. "गोवा एकच असतो मेस्त्री," मी म्हटलं. आवाज जरा चढलाच माझा.

"आता दोन आसत," ते म्हणाले. त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता. "तेचो गाव बांद्याजवळ. तेका मोपा हाताक लागता. तुम्ही दाबोळी लिवलास."

मोपाचा नवा विमानतळ सुरू झाल्याचं मला माहीत होतं. त्याचा कोड जीओएक्स, जुन्या दाबोळीचा जीओआय, हेही माहीत होतं. एखाद्या परीक्षेत विचारलं असतं तर मी पटकन सांगितलं असतं.

"त्या भावाने गोवा सांगितलं," मी म्हटलं.

"तो माझ्यासमोर बसलो हा बाय. तो काय सांगतलो? सहा दिवस झोपाक नाय तो. तुम्ही इचारूक होया होता."

मी समोरच्या फाइली मिटल्या. विचारलं, "अक्षरं काढलीत का?"

"हम काढलंय. फुडचा सोडलंय."

मेस्त्रींच्याच फोनवर मी चुलतभावाकडून गावातला नंबर घेतला. मेलेल्याचा सख्खा थोरला भाऊ फोनवर आला. मागे कुणीतरी कोंबड्या हाकलत होतं. मी कोण, कुठून बोलते ते सांगितलं आणि विचारलं, "तुम्ही उद्या कुठे येणार आहात?"

"मोपाक," तो म्हणाला. "अँब्युलन्स सांगितली आहे. सकाळी सातला निघतो. का हो?"

मी सांगितलं. पेटी दाबोळीला येणार आहे, मोपाला नाही. दाबोळी गोव्याच्या दुसऱ्या टोकाला, नद्या ओलांडून. त्याला ते माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं.  मी म्हटलं, दहा मिनिटं द्या, मी बघते.

विमान कंपनीत विचारलं. मोपासाठी बुकिंग नव्याने करायचं तर रविवार संध्याकाळच्या आत पोचणं शक्य नव्हतं. मी पुन्हा फोन लावला आणि दोन्ही गोष्टी सांगितल्या. उद्या सकाळी दाबोळी, किंवा रविवारी मोपा. ठरवायचं तुम्ही.

"चूक कोणाची झाली?" त्याने विचारलं. रागाने नाही. रस्ता विचारावा तसं.

ऑफिसात चारजण होते. साहेब काचेपलीकडे होते. चुलतभावाने गोवाच सांगितलं होतं, कागदावर त्याची सहीसुद्धा होती.

"माझी," मी म्हटलं. "मी विचारायला हवं होतं."

"बरं," तो म्हणाला. मग फोन बाजूला धरून तो घरात कुणाशी तरी बोलला. एका म्हाताऱ्या माणसाचा आवाज आला, शब्द कळले नाहीत. तो परत आला. "वडील म्हणतात, रविवारपर्यंत नको. आधीच सहा दिवस झाले. उद्याच येऊ द्या. आम्ही दाबोळीक जातो. पहाटे निघावं लागेल, एवढंच. कुठल्या फाटकातून आत जायचं ते सांगा."

मी सांगितलं. कार्गोचं फाटक प्रवाशांच्या दारापासून वेगळं असतं, तिथे कुठला कागद दाखवायचा, कुणाचं ओळखपत्र लागेल, विमान उतरल्यावर किती वेळ धरून चालायचं. त्याने लिहून घेतलं आणि मला परत वाचून दाखवलं. एके ठिकाणी मी चुकीचा कागद सांगितला होता, तोही त्या वाचण्यात सापडला.

फोन ठेवला आणि मी पर्स उचलली. त्या शेडसाठी इतकी वर्षं कागद केले, पण तिथे कधी गेले नव्हते. साहेबांना म्हटलं, सुलैबियाला जाऊन येते. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं आणि मान हलवली.

शेड म्हणजे पत्र्याची लांबलचक जागा, दोन मोठे पंखे आणि भुशाचा वास. दाराशी एका फळकुटावर चुलतभाऊ बसला होता. त्याच्या हातात चहाचा कागदी कप होता आणि चहावर साय धरली होती. मधोमध पेटी. मला वाटलं होतं त्यापेक्षा मोठी आणि रिकामी. शवागारात न्यायची गाडी मागे लावून उभी होती. मेस्त्रींना मी फोनमुळे उंच समजत होते, ते माझ्या खांद्याला लागत होते.

मी त्यांना भावाशी झालेलं बोलणं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. "मगे दाबोळीच," ते म्हणाले. "तेंका म्हायत झाला ना? मगे झाला." चुलतभावाकडे वळून त्यांनी हेच पुन्हा सांगितलं, हळू आवाजात. तो उठून उभा राहिला आणि पुन्हा बसला.

पेटीच्या बाजूवर एचयूएम काढलेलं होतं. त्याच्यापुढची जागा कोरी होती. मेस्त्रींनी ब्रश डब्यात बुडवला, कडेला निथळवला आणि मला म्हणाले, "कागद तुम्ही धरा. आणि वाचा. एकेक अक्षर, मोठ्यान."

मी वाचलं. जी. त्यांनी काढलं. ओ. काढलं. आय. मग कार्गोच्या बिलाचा नंबर, एकेक आकडा. मी आकडा उच्चारावा, त्यांनी तो परत म्हणावा, मग ब्रश टेकवावा. अकरा आकडे. वरून लढाऊ विमानांची एक जोडी गेली, पश्चिमेच्या तळाकडची. पत्रे थरथरले, आणि आवाज विरेपर्यंत आम्ही दोघं थांबलो. मग पुढचा आकडा.

रंग वाळायला पंखा त्या बाजूला वळवला. गाडी निघाली तेव्हा चुलतभाऊ ड्रायव्हरशेजारी बसला. त्याने कार्ड खिशात ठेवलं होतं का, ते मी पाहिलं नाही.

शुक्रवारी मी घरी होते. नवरा मासे आणायला गेला होता. अकराच्या आसपास भारतातून फोन आला.

"तो मिळालो," थोरला भाऊ म्हणाला. "आम्ही पूल ओलांडला. आता घरी दोन तासांत."

मी म्हटलं, "बरं झालं."

"हो," तो म्हणाला, आणि त्याला पुढे काही सांगायचं आहे असं वाटलं, पण अँब्युलन्सचा हॉर्न वाजला आणि फोन बंद झाला.

रविवारी मी साहेबांना सगळं सांगितलं. त्यांनी फाइल चाळली. "डिलिव्हरी झाली?" झाली. "तक्रार?" नाही. त्यांनी फाइल मिटून माझ्याकडे सरकवली. रागावले असते तर मला जरा बरं वाटलं असतं. मी आमच्या फॉर्ममध्ये एक रकाना वाढवला. गावाचं नाव आणि गावाला जवळचा विमानतळ. बहुतेक लोक तो भरताना वैतागतात. कुणी म्हणतं, तुम्हाला माहीत असायला हवं. मी म्हणते, मला माहीत नाही, तुम्ही सांगा.

त्यानंतर महिन्यातून एकदा तरी मी शेडवर जाऊ लागले. तशी गरज नव्हती. मेस्त्री काम करत राहायचे, मी एका खोक्यावर बसायचे. त्या चुकीबद्दल ते पुन्हा कधी बोलले नाहीत. एकदा मीच विषय काढला तर म्हणाले, "माझ्याकडनाय एकदा चुकलेला," आणि काय चुकलं होतं ते सांगितलं नाही. मी विचारलंही नाही. विचारायच्या आणि न विचारायच्या गोष्टी वेगळ्या असतात एवढं तोवर शिकले होते.

पुढच्या वर्षी त्यांचा इकामा, म्हणजे इथे राहण्याचा परवाना, वाढला नाही. वय झालं होतं. कंपनीने जायचं तिकीट काढायला माझ्याकडेच दिलं. मी जीओएक्स टाकून विमानांच्या वेळा काढल्या, दोन चांगले पर्याय निवडले आणि त्यांना फोन केला. "मेस्त्री, मोपाला सकाळी पोचणारं बघू की दुपारचं?"

"मोपा कित्याक?" ते म्हणाले. "माका बॉम होया."

"मुंबई? गावी नाही जाणार?"

"गावाक कोण आसा बाय? बायल चेडवाकडे डोंबिवलीक ऱ्हवता. नात झाली ना, तेव्हापास्ना. घर भावाच्या झिलाक दिलंय. दारां-खिडक्यो सगळ्यो माझ्या हातच्यो आसत, बऱ्यो टिकतल्यो." चेडू म्हणजे मुलगी, झील म्हणजे मुलगा. मुलीच्या दोन खोल्यांत बायकोबरोबर आता तेही राहणार होते. त्यांच्या बोलण्यात दुःख नव्हतं. मी मात्र त्यांना मनाने केव्हाच त्या घराच्या पडवीत बसवून मोकळी झाले होते.

मुंबईचं तिकीट काढलं. विमान दुपारचं होतं. ड्रायव्हर दुसऱ्या कामावर होता, म्हणून त्यांना सोडायला मीच गेले. ते शेडबाहेर उभे होते, नेहमीच्याच शर्टात, गळ्यापर्यंत बटणं लावून. दोन मोठ्या बॅगा आणि दोरीने बांधलेलं एक खोकं. खोक्यावर त्यांनी स्वतःचं नाव मराठीत रंगवलं होतं आणि खाली बीओएम.

विमानतळावर वजन जास्त भरलं. काउंटरवरच्या मुलीने हिंदीत सांगितलं, थोडं कमी करा. मेस्त्रींनी बाजूला होऊन जमिनीवर बॅग उघडली. वर एक नवं कोरं ब्लँकेट, खाली पटाशा, रंधे, गिरमिट, सगळं जुन्या शर्टांत गुंडाळलेलं. खजुराची पाकिटं, दुधाच्या पावडरीचे डबे, नातीसाठी एक बोलणारी बाहुली. लोक वळसा घालून जात होते. ते घाई न करता एकेक वस्तू हातात घेऊन तोलत होते.

"हत्यारं तिकडेही मिळतील की," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. ब्लँकेट काढून त्यांनी माझ्या हातात दिलं. "तुमका ऱ्हवांदे. हयच्या एसीत लागता." दुधाच्या पावडरीचे दोन डबेही माझ्याकडे आले. बॅग परत तराजूवर चढली आणि या वेळी काउंटरवरची मुलगी हसली.

आत जायच्या दारापाशी त्यांनी हात जोडले. मी वाकले तेव्हा त्यांना ते अपेक्षित नसावं, ते एक पाऊल मागे सरकले आणि मग डोक्यावर हात ठेवला. हात खरखरीत आणि हलका. "बरी ऱ्हव," ते म्हणाले. पहिल्यांदाच एकेरीत. मग पासपोर्ट पुढे धरून रांगेत शिरले.

त्यांच्या जागी आता दुसरा सुतार आहे. काम चोख करतो, अक्षरं मात्र मशीनवर छापून चिकटवतो. मेस्त्री गेल्यावर दहाबारा दिवसांनी डोंबिवलीहून ऑफिसात फोन आला. मागे मिक्सर चालू होता आणि एक लहान मूल रडत होतं. शेजारच्या बिल्डिंगमध्ये कुणाला तरी कपाट करून हवं होतं, ते काम मेस्त्रींनी घेतलं होतं. जागा नाही म्हणून गच्चीत काम चाललं होतं.

"झोप लागते का तिथे?" मी विचारलं.

"लागता. पण हयलो प्लाय बघलास काय बाय? निस्तो कागद. स्क्रू धरणा नाय. दुकानदाराक म्हटलंय, ह्यो परत घेऊन जा, तर माकाच शिकवता, म्हणता काका, आता असाच येता." ते बराच वेळ त्या दुकानदाराबद्दल बोलत राहिले. टेबलाशेजारची बादली रिकामी करायची राहिली होती, ती भरून वाहायला लागली. तेवढ्यात त्यांच्याकडे दाराची बेल वाजली.

"गिराईक इला वाटता," ते म्हणाले आणि फोन ठेवला.